लॉबीत बसायची रीत

आमच्या ऑफिसात दुपारी दोन वाजता एक माणूस झोपायचा. सगळ्यांना ते माहीत होतं, पण कुणालाही ते कधी सिद्ध करता आलं नाही. पाठ ताठ, डोळ्यांवर चष्मा, हातात उघडं पेन आणि समोर बियाण्याच्या बॅगांची यादी. दोन वाजून दहा मिनिटांनी पेन कागदाला टेकायचं आणि अर्धवट राहिलेलं गावाचं नाव पुरं व्हायचं. मधे फोन वाजलाच तर पहिल्याच घंटेला "हां, बोला!" मी तिथे टायपिस्ट होते आणि माझं टेबल त्यांच्या बरोबर समोर. आज तरी मान कलेल, आज तरी तोंड उघडेल म्हणून मी वर्षभर टपून बसले. काही म्हणता काही झालं नाही. शेवटी हात टेकले आणि सरळ विचारलं, "काकाजी, तुम्ही झोपता ना हो दुपारी?"

"झोपतो की! बराबर धा मिनिटं. पण समोरच्याला तरास न देता. झोपता सगळ्यालाच येतं बेटा. विसावा घेता येत न्हाई कोणाला."

जालन्यात बियाण्याच्या कंपन्यांचा तो भरभराटीचा काळ होता. नव्वदीची मधली वर्षं. गावोगावचे दुकानदार, म्हणजे आमचे डीलर, ठरल्यापेक्षा जास्त माल विकायचे आणि कंपनी खूश होऊन त्यांना टूरवर न्यायची. काकाजी नावाला डिस्पॅचचे इन्चार्ज होते, पण त्यांचा सगळा जीव त्या टूरमध्ये. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आलेले. घरात मारवाडी, बाजारात मराठी आणि राग आला की हिंदी. वडील स्टेशनाजवळच्या एका धर्मशाळेची व्यवस्था बघायचे, त्यामुळे काकाजींचं बालपण अनोळखी माणसांना झोपलेलं बघण्यात गेलं होतं. कोण गाठोडं उशाला घेतो, कोण पोटाशी धरतो, कोण सकाळी सतरंजी झटकून घडी करून ठेवतो आणि कोण तशीच लोळत टाकून जातो, ते लहानपणापासून बघून बघून त्यांनी स्वतःचं एक शास्त्रच बनवलं होतं. "माणूस जेवताना न्हाई कळत, आडवा झाल्यावर कळतो," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना समोरच्याकडे असे बघायचे की त्याला आपलं अंथरूण आठवून लाज वाटावी.

या शास्त्राची गरज का पडायची, तेही सांगते. टूर असायची मुंबईजवळच्या एका मोठ्या पाण्याच्या पार्कात. घसरगुंड्या, पाळणे, खोट्या लाटांचा तलाव. शेजारीच हॉटेल. रात्रभर बसने जायचं, एक मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी परत. हॉटेलवाले खोल्या सकाळीच खाली करून घ्यायचे आणि आमची बस सुटायची संध्याकाळी सहाला. पार्कातून माणसं दुपारी दोनला भिजून, थकून परत यायची. मग दोन ते सहा करायचं काय? बसमध्ये जाऊन बसावं तर तिथे ड्रायव्हर झोपलेला, आणि त्याला रात्रभर गाडी हाकायची आहे म्हणून कुणी उठवायचं नाही, हा काकाजींचाच कडक हुकूम. राहता राहिली हॉटेलची लॉबी. तिथले चार तास म्हणजे काकाजींची परीक्षा.

त्या परीक्षेची तयारी महिनाभर चालायची. डीलर लोकांच्या माहितीचा कागद मीच टाइप करायची. नाव, गाव, किती बॅगा विकल्या, साखर आहे का, आणि शेवटी काकाजींनी घालायला लावलेला रकाना: झोपेत घोरता का? ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी बावीसच्या बावीस जणांनी "नाही" लिहून पाठवलं. काकाजी हसले, फोन घेतला आणि एकेकाच्या घरी लावत सुटले. "वहिनी, राम राम! एक विचारायचं हुतं, खरं सांगा..." त्या दुपारी फोनमधून बायकांचं जे हसू बाहेर येत होतं ते मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होतं. संध्याकाळपर्यंत अकरा घोरणारे निघाले. प्रत्येक घोरणाऱ्याशेजारी एक न घोरणारा बसवायचा आणि आवाज आला की त्याने हळूच कोपर लावायचं, अशी योजना ठरली.

मग गोदामात तालीम. बियाण्याच्या थप्प्यांवर चादर टाकून त्याचा सोफा करायचा आणि मोठमोठ्या डीलरना त्यावर बसवून शिकवायचं. आत जाताना म्हातारं माणूस पुढं, सामान सगळ्यात मागं. "सामान आधी दिसलं की दरवान घाबरतो. म्हातारं आधी दिसलं की दार धरतो!" आत गेल्याबरोबर टेकायचं नाही, आधी दरवानाला त्याचं गाव विचारायचं. बॅगा भिंतीशी लावून त्यावर पांढरी चादर. पहिली दहा मिनिटं पाठ सरळ, मग टेकली तरी चालेल. डोळे मिटले तरी चालतील, तोंड उघडायला नको. पिशवीतला ठेचा पिशवीतच. जमिनीवर बसायचं नाही, पायरीवर बसायचं नाही, दारात बसायचं नाही. हॉटेलातलं कुणी वयस्क गिऱ्हाईक आलं की आपण उठून जागा द्यायची. निघताना जागा होती त्याहून साफ.

"आपुन काय फुकट झोपाय चाल्लो का काकाजी? कंपनीनं पैशे मोजलेत!" एक जण कुरकुरला.

"पैशे खोलीचे मोजलेत. लॉबी पाहुणचार हाय. पाहुणचाराला रीत लागती."

एवढं करूनही आदल्या वर्षी घात झालाच होता. तेव्हा फक्त पुरुष गेले होते. अंबडकडच्या एका डीलरने पार्कातून आल्यावर आपली ओली चट्ट्यापट्ट्यांची चड्डी लॉबीतल्या शोभेच्या झाडावर वाळत घातली. त्याचं बघून दोघांनी बनियन. आठ दिवसांनी हॉटेलचं इंग्रजी पत्र आलं आणि ते मालकांना मराठीतून वाचून दाखवायची वेळ माझ्यावर आली. आपल्या प्रतिनिधींचे आतले कपडे आमच्या झाडांवर आढळले, हे वाक्य वाचताना मला हसू आवरेना आणि मालकांचा चेहरा तर लालबुंद.

"बस झाली टूर," मालक म्हणाले. "पुढच्या वर्षीपासून प्रत्येकाला मिक्सर."

कुणीही गप्प बसलं असतं. काकाजी उलट पुढे सरकले. "मालक, टूर तर करूच. आन पुढच्या साली बायकांना नेऊ."

मला वाटलं, आता यांची नोकरी गेली.

"दुकानात कोण बसतं मालक?" काकाजी थांबायला तयार नव्हते. "डीलर शेतं बघत फिरतो, बाजाराला जातो. दुकानात बाई बसती. कोणतं वाण कोणत्या रानात चालतं हे तिला तोंडपाठ हाय. बॅगा तिनं विकायच्या आन पाण्यात ह्यानं खेळायचं, हा कुठला न्याय? मिक्सर घरात येतो, पण बाई घराबाहेर जात न्हाई."

मालकांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "न्या. पण हॉटेलातून एक जरी तक्रार आली, तर टूर बंद आणि बायकांचं नाव पुन्हा कधी काढायचं नाही. आणि हिलाही न्या, बायकांसोबत कुणी तरी पाहिजे."

ही म्हणजे मी! जालन्याच्या मस्तगडातल्या आमच्या घरातून मी एकटी कधी औरंगाबादलाही गेले नव्हते. त्या रात्री आनंदाने मला जेवण गेलं नाही. आईने विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, "इतकं बरं वाटतंय की काय सांगू!"

बावीस डीलर आणि वीस बायका. बस निघाली ती गाणी म्हणतच. मुक्काम झाला आणि दुसऱ्या दिवशी पार्क. सुरुवातीला बायका तलावाच्या काठाशी पदर सावरत उभ्या होत्या. तेवढ्यात भोंगा झाला आणि पाणी उसळलं. अंकुशनगरची एक बाई ओरडली, "आगं बया! आमच्याकडं भोंगा झाला की कारखान्याची पाळी बदलती, हितं लाट येती!" आणि ती जी आत घुसली ती बाकीच्या एकोणीस जणींना ओढूनच. एकीला तिथल्या भाड्याच्या नायलॉनच्या कपड्यांत बघून तिचा नवरा ओळखेचना. कुंभार पिंपळगावच्या डीलरची सून तर घसरगुंडीच्या जिन्यावरून खाली उतरायला तयार नव्हती. या डीलरना सगळा तालुका दादा म्हणायचा. पांढऱ्या मिशा, कडक आवाज. मुलगा ऊसतोडीच्या गडबडीत अडकला म्हणून ते स्वतः आणि सून असे दोघंच आले होते. दुकान चालवायची ती, नाव दादांचं. "बारा डाव घसरले ताई, बारा!" ती मला सांगत होती. "गुडघे लटपटून ऱ्हायले, पर आजून एक घसरू द्या!"

दोन वाजता आम्ही लॉबीत शिरलो. म्हाताऱ्या पुढे, सामान मागे, सगळं तालमीप्रमाणे. दरवान निघाला बीडचा, त्याने काकाजींना नमस्कार केला. पांढऱ्या चादरी अंथरल्या गेल्या. पुरुष सोफ्यांवर बसले, घोरणारा आणि न घोरणारा जोडीजोडीने. काकाजींनी एकवार नजर फिरवली आणि समाधानाने मान हलवली.

आणि वीसच्या वीस बायका भिंतीशी जमिनीवर बसल्या.

लगेच युनिफॉर्ममधला एक मुलगा धावत आला. "मॅडम, खाली नका बसू प्लीज. सोफ्यावर बसा." बायका उठल्या. पण सोफ्यावर काही बसेनात. भिंतीला लागून रांगेने उभ्या राहिल्या. जागा भरपूर होती, निम्मे सोफे मोकळे होते. मी म्हटलं, बसा ना, तर सगळ्या माझ्याकडे वेड्यासारख्या बघायला लागल्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. समोर दादा बसलेले. शेजारी अंकुशनगरच्या बाईचे थोरले दीर. पलीकडे कुणाचा चुलत सासरा, कुणाचा नणंदेचा सासरा. घनसावंगी-अंबडच्या पट्ट्यात कोण कुणाचा सोयरा नाही, हाच प्रश्न. आणि सासऱ्यापुढे, थोरल्या दिरापुढे सून खुर्चीवर बसत नाही. खाली बसते, नाहीतर उभी राहते. मीही त्याच रीतीत वाढलेली, माझी आई आजोबांपुढे कधी पलंगावर टेकली नाही. तरी महिनाभर नियम टाइप करताना माझ्या लक्षात आलं नाही. आणि विसाव्याचं शास्त्र कोळून प्यालेल्या काकाजींच्याही नाही! खाली बसायचं नाही हा हॉटेलचा नियम, त्यांनी तो गोदामात घोकून घेतला होता. वर बसायचं नाही हा घरचा नियम त्यांनी धरलाच नव्हता. धर्मशाळेत सगळेच जमिनीवर असायचे ना.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. वीस बायका ओल्या केसांनी, हातात पिशव्या धरून उभ्याच. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं थबकून बघायला लागली. पिंपळगावची सून एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होती, पुन्हा पहिल्यावर. मॅनेजर बाहेर आला.

"हे काय चाललंय काका? मोर्चा आहे का? लोक विचारतायत. हे असं चालणार नाही, मला तुमच्या कंपनीला लिहावं लागेल."

लिहिलं की संपलंच. पत्र माझ्याच टेबलावर येणार, मीच ते मालकांना वाचून दाखवणार, आणि या बायकांना पुढच्या वर्षी मिक्सर.

काकाजी बायकांपुढे गेले. "बसा. मी म्हणतो, बिलकुल बसा. कोणी काही म्हणणार न्हाई."

कुणी हललं नाही. सून खाली बघत पुटपुटली, "मामंजी बसलेत की."

काकाजी तसेच थिजले. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी न बघितलेला गोंधळ होता. मग ते गर्रकन वळले आणि पुरुषांपुढे जाऊन म्हणाले, "चला. उठा. सगळे बाहेर."

"कशापायी?" दादा.

"उठा म्हणलं ना. जल्दी."

"आवो, आमाला पाय न्हाईत का? आन तिला बसायचं तर बसंल की! म्या काय धरून ठिवलंय का तिला?"

"धरून न्हाई ठिवलं दादा," काकाजी शांतपणे म्हणाले. "तुमी बसले म्हणून ती हुबी हाय."

दादांच्या मिशा थरथरल्या. सगळ्या डीलरांदेखत त्यांना असं कुणी बोललं नसेल. आता हे पडेल ते बोलतील, कंपनीचं बियाणं दुकानातून फेकून देतील, असं माझ्या मनात येऊन गेलं. ते उठले. धोतराचा सोगा झटकला आणि कुणाकडेही न बघता काचेच्या दारातून बाहेर गेले. त्यांच्यामागे एकेक करत बाकीचे एकवीस, आणि शेवटी काकाजी. बाहेर ऊन रणरणत होतं. बरेचसे रस्त्यापलीकडच्या झाडाखाली जाऊन टेकले. दादा मात्र रागाने पोर्चमध्ये काचेला पाठ लावून उभेच राहिले.

आत आधी कुणी हललं नाही. मग अंकुशनगरची बाई सोफ्याच्या कडेला टेकली. मग दुसरी. तिसरी. आणि मग सांगते काय, पाच मिनिटांत वीसच्या वीस झोपल्या! कुणाची मान कुणाच्या खांद्यावर, कुणाचा हात कुणाच्या मांडीवर. पाठ सरळ वगैरे नियम कुणी पाळला नाही. आणि घोरल्या! मनसोक्त घोरल्या. बायका घोरतात का, हे विचारायचं आमच्या कागदावर सुचलंच नव्हतं. अंकुशनगरच्या बाईचा सूर तर असा लागला की रिसेप्शनवरची मुलगी तोंडाला रुमाल लावून आत पळाली. मॅनेजर तरातरा त्यांच्या दिशेने निघाला. मी आडवी जाणार, तेवढ्यात तोच थांबला. समोर वीस बायका गाढ झोपल्या होत्या आणि काचेबाहेर त्यांचे कर्ते पुरुष उन्हात. तो एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे. मग मला हळूच विचारलं, "हे लोक बाहेर का गेले?" मी सांगितलं, कुजबुजत, एका दमात, हातवारे करून. तो काउंटरशी गेला आणि चालू असलेलं गाणं बंद करायला सांगितलं.

पत्र आलं नाही. महिनाभर मी टपाल धडधडत्या छातीने उघडत होते. नाही म्हणजे नाही आलं. पुढच्या वर्षी बायका गेल्या, त्याच्या पुढच्याही वर्षी गेल्या आणि मी नोकरी सोडेपर्यंत जातच राहिल्या.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं.

पाच वाजायला आले असतील. पिंपळगावची सून दचकून जागी झाली. डोळे चोळत तिने समोर बघितलं, तर काचेपलीकडे सासरे. तेही नेमके तेव्हाच वळून आत बघत होते. तिने चटकन पदर डोक्यावर ओढला आणि उठायला लागली. दादांनी हात वर केला. मला वाटलं, बोलावतायत. त्यांनी पंजा पालथा केला आणि हवेत दोनदा खाली दाबला. बस, बस. ती अर्धवट उठलेली तशीच राहिली. माझ्याकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. आणि सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत, सोफ्यावर, ती खाली बसली. दादांनी तोंड फिरवलं. माझ्या डोळ्यांत घळाघळा पाणी आलं, आणि का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

हे काकाजींना सांगायला मी धावतच बाहेर गेले. ते दाराशी उभे होते, चादरींची घडी काखेत. पासष्टी उलटलेला माणूस, तीन तास उभा. मॅनेजरने एक खुर्ची बाहेर पाठवली होती. ती त्यांच्याशेजारी रिकामी.

"काकाजी, बघितलंत का? दादांनी तिला बसवलं! आता तुम्ही तरी बसा. खुर्ची आहे ना!"

"असू दे."

"अहो, पाय थरथरतायत तुमचे."

ते आत बघत होते. "आमच्या घरची बत्तीस वर्षं माझ्यापुढं हुबी राह्यली," ते म्हणाले. "मी जेवायलो तरी हुबी, पेपर वाचायलो तरी हुबी. म्या जगाला बसायचं शिकवून राह्यलो, आन तिला कधी म्हणलो न्हाई, बस म्हणून. आता म्हणायला ती न्हाई."

मी खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली आणि त्यांच्याशेजारी उभी राहिले. बस यायला अजून तासभर होता.